नवी रॅम लावली की डिस्प्ले गायब: जी४१ बोर्ड आणि सोळा चिपांचा घोळ

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. जुना डेस्कटॉप, आत २ जीबी रॅम, आणि ब्राउझर उघडेपर्यंत चहा होऊन पिऊनही होतो. तुम्ही ४ जीबीची डीडीआर३ रॅम आणता. खाच बरोबर जुळते, स्टिक टक्कन बसते, दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागतात. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डाला, स्पीकर असेल तर लांब लांब बीप. जुनी रॅम परत लावली की मशीन काही झालंच नाही अशा थाटात सुरू. दुकानदाराकडे गेलात तर तो त्याच्या मशीनवर तीच रॅम चालवून दाखवतो. तो खोटं बोलत नसतो, आणि तुमचा बोर्डही बिघडलेला नसतो.

ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी विचारतो, ‘बोर्ड जी४१ आहे का?’ उत्तर बहुधा ‘काय माहीत’ असंच येतं. मग कॅबिनेट उघडायचं, धूळ झटकायची, आणि निघतो जी४१च. जी४१ हा इंटेलचा एक चिपसेट, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बाकी बोर्ड यांना जोडणारी मुख्य चिप; ती असलेल्या बोर्डालाही जी४१च म्हणतात. २००९ ते २०१२च्या सुमारास ज्यांनी स्वस्तात असेंबल्ड पीसी घेतला, त्यांच्यातल्या खूप जणांच्या घरी हा बसलेला आहे. फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या ब्रँडांचे जी४१ बोर्ड त्यानंतरही बरीच वर्षं कोरे म्हणून विकले जात होते.

अगदी अलीकडची केस माझ्या मामेभावाची. त्याचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, निवडणुका आल्या की पत्रकं. मशीनमध्ये २ जीबीची एकच रॅम, दुसरा स्लॉट रिकामा. त्याने गावातून ४ जीबीची नवी स्टिक आणली आणि वर लिहिलेलं सगळं रामायण झालं. दुकानदाराने निदान केलं: ‘ही १६००ची आहे, तुझ्या बोर्डाला १३३३ लागते.’

हे आकडे रॅमच्या वेगाचे. इथे थोडं थांबतो, कारण हे निदान चुकीचं आहे, पण त्यावर सांगितलेला उपाय बऱ्याचदा लागू पडतो. असा गैरसमज सहजासहजी मरत नाही. रॅमच्या स्टिकवर एक बारीक चिप असते, एसपीडी नावाची. ती स्टिक कोणकोणत्या वेगांना चालू शकते याची यादी तिच्यात असते. बोर्ड ती यादी वाचतो आणि त्याला झेपेल तो वेग निवडतो. १६००ची डीडीआर३ रॅम जी४१वर १०६६ला चालते, प्रोसेसरचा एफएसबी (प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातल्या मार्गाचा वेग) ८०० असेल तर आणखी खाली, ८००ला. वेग जास्त असला म्हणून डिस्प्ले जात नाही. मग १३३३ आणल्यावर काम का होतं? कारण १३३३च्या स्टिक बहुतेक जुन्या काळातल्या असतात, आणि जुन्या काळातल्या ४ जीबीच्या स्टिकवर सोळा चिपा असायच्या. खरी गोम त्या सोळात आहे.

रॅमच्या स्टिकवर जे काळे चौकोन दिसतात, त्या मेमरीच्या चिपा. साध्या डेस्कटॉप रॅममध्ये आठ चिपा मिळून एक रँक होते: प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते, आठ गुणिले आठ चौसष्ट, आणि बोर्डाला हव्या असतात ६४च बिटांच्या ओळी. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून एक चिप २ गिगाबिटची असेल तर तिच्यात २५६ एमबी मावतात. आठ चिपांचे होतात २ जीबी, सोळा चिपांचे ४ जीबी. पुढे ४ गिगाबिटच्या चिपा निघाल्या, एका चिपेत ५१२ एमबी. आता ४ जीबीला आठच चिपा पुरतात, एकच बाजू भरते, खर्च कमी. नंतर बाजारात आलेल्या ४ जीबीच्या स्टिक बहुतांश अशाच आहेत.

जी४१ हा २००८चा चिपसेट. त्याला २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा कळतात. स्लॉट दोन, प्रत्येकी ४ जीबी, एकूण ८ जीबी हे त्याच्या माहितीपत्रकात आहे आणि खरं आहे. पण ते ४ जीबी सोळा चिपांतून आलेले हवेत. आठ चिपांची स्टिक लावली तर त्यातल्या अर्ध्या पत्त्यांपर्यंत पोचायची वाटच त्याच्याकडे नाही. खोक्यावर दोन्हींच्या एकच मजकूर असतो: ४ जीबी, डीडीआर३. फरक डोळ्यांना दिसतो तो स्टिक उलटसुलट करून पाहिली तर.

‘मग प्रोसेसर बदलतो, कोअर टू क्वाड टाकतो’ असं कुणी म्हणतं. उपयोग नाही. ७७५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) या बोर्डांत रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसून चिपसेटमध्ये आहे, तो हीटसिंकखालचा मोठा चौकोन. इंटेलने कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला तो कोअर आय मालिकेपासून. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने ते २००३लाच अॅथलॉन ६४मध्ये करून टाकलं होतं. म्हणून जुन्या इंटेल बोर्डांवर रॅमबाबत शेवटचा शब्द चिपसेटचा, आणि त्यापुढच्यांत बोर्डाइतकाच प्रोसेसरचा.

आता माझी चूक. मी भावाला फोनवर सांगितलं, ‘सोळा चिपांची ४ जीबी बघून घे.’ त्याने ऑनलाइन शोधली, फोटोत दोन्ही बाजूंनी आठ-आठ मोजल्या, किंमतही इतरांपेक्षा बरीच कमी. मागवली. आली. लावली. काळी स्क्रीन. मला फोन करून त्याने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती स्टिक हातात घेतली तेव्हा कळलं. चिपा सोळाच होत्या, २ गिगाबिटच्याच होत्या, पण प्रत्येक चिप एका वेळी ८ ऐवजी ४ बिट देणारी. सोळा चोक चौसष्ट. म्हणजे सोळाच्या सोळा मिळून एकच रँक. अशा चिपांचा आतला आराखडा वेगळा असतो, कॉलमच्या पत्त्याला दहाऐवजी अकरा बिट लागतात. एएमडीच्या एएम३सारख्या बोर्डांना ते जमतं, इंटेलच्या साध्या डेस्कटॉप बोर्डांना जमत नाही. बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्त मिळते ती हीच रॅम. त्या जाहिरातीतही ते लिहिलेलं होतं, अगदी खाली, बारीक अक्षरात. तेव्हा चिपा मोजून भागत नाही. हीटसिंक चढवलेली असेल तर मोजताही येत नाहीत.

पाहायचं ते लेबल. त्यावर ४ जीबीच्या शेजारी रँक आणि चिपेची रुंदी लिहिलेली असते. ‘२ आर एक्स ८’ म्हणजे दोन रँक, ८ बिटच्या चिपा: दोन आठे सोळा, हीच जी४१ला चालते. ‘१ आर एक्स ८’ म्हणजे आठ चिपांची नवी. आणि शेवटी ८ ऐवजी ४चा आकडा दिसला की इंटेलवाल्याने हात मागे घ्यायचा. त्याच ओळीत पुढे पीसी३-१०६०० किंवा पीसी३-१२८०० असं काही असतं. तो वेगाचाच दुसरा अवतार, १३३३ किंवा १६०० गुणिले ८. त्या आकड्यामागचं अक्षरही वाचा. यू असेल तर घरगुती मशीनची. आर असेल तर सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम. ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते ऐटीत, चालत नाही. भंगारातून निघालेल्या सर्व्हरची रॅम ८ आणि १६ जीबीत कवडीमोल भावाने मिळते तेव्हा लोकांची जीभ चळते, म्हणून सांगून ठेवलं. लेबलच नसलेली रॅम असेल तर विक्रेत्याला दोन्ही बाजूंचा फोटो मागा आणि परत घ्यायचं कबूल करून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेत असाल तर त्याहून बरं: मशीनच सोबत न्या आणि लावून बघा.

बोर्ड कोणता हे कळायला कॅबिनेट उघडावंच लागतं असं नाही. जुनी रॅम लावून मशीन चालू असेल तर सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका. मेनबोर्डच्या टॅबमध्ये बोर्डाचं नाव आणि चिपसेट दिसतो, एसपीडीच्या टॅबमध्ये लावलेल्या रॅमची कुंडली. फक्त मेमरीच्या टॅबमध्ये वेग निम्मा दिसला म्हणून दचकू नका. डीडीआर म्हणजे दुप्पट. तिथे ५३३ दिसलं तर तुमची रॅम १०६६ला चालते आहे. मशीन सुरूच होत नसेल तर बोर्डावर, बहुधा स्लॉटांच्या मध्ये, मॉडेलचं नाव छापलेलं असतं. नामांकित कंपनीचा बोर्ड असेल तर तिच्या साइटवर चालणाऱ्या रॅमची यादी मिळते. ती वाचाच, पण यादीत नाही म्हणजे चालणार नाही असा अर्थ काढू नका; कंपनीने ज्या तपासल्या तेवढ्याच तिथे असतात. बिननावाच्या बोर्डाला साइटच नसते, तिथे चिपसेटवरूनच काय ते ठरवायचं.

शेवटी भावाला एका सेकंडहँड रॅमवाल्याकडे २ आर एक्स ८ मिळाली. लावली आणि पहिल्या झटक्यात डिस्प्ले. आनंद दोन मिनिटं टिकला. जुनी २ आणि नवी ४ मिळून ६ जीबी, पण विंडोज दाखवतंय ‘६ जीबी, त्यातले वापरण्याजोगे ३.२५’.

ही तक्रार रॅमची नाही. त्याच्याकडे विंडोज ७ होतं ३२ बिटचं. ३२ बिटांत चार अब्जांच्या आसपासच पत्ते बसतात, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलाही वरचा तुकडा ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअर पत्त्यांसाठी अडवून ठेवतं. ६४ बिट विंडोज हाच इलाज. ते टाकूनही आकडा तेवढाच राहिला तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मेमरी रिमॅप नावाचा पर्याय बंद आहे का पाहा, आणि विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ला कुणी टिक करून ठेवली आहे का तेही. वेग वाढतो म्हणून ती टिक करायचा सल्ला कुठून निघाला देव जाणे. ती नेमकी उलटी मर्यादा घालते.

पण डीटीपीवाल्यांना ६४ बिट म्हटलं की घाम फुटतो, आणि त्याला कारण आहे. मराठी टायपिंगचं त्याचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या चावीवर, चालतं आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा. पंधरा वर्षांच्या पत्रिकांच्या फायली त्याच्यात. त्याला ‘युनिकोडवर ये’ सांगणं सोपं, पण मे महिन्याच्या ऐन लग्नसराईत नाही. आम्ही जुनी हार्डडिस्क ३२ बिटसह तशीच ठेवली आणि शेजारी नव्या एसएसडीवर ६४ बिट टाकलं. जुनी फाइल आली की तिकडे बूट करायचं.

खरं सांगायचं तर त्या मशीनला रॅमपेक्षा एसएसडीनेच जास्त जीव आला. २ जीबीवर रखडणाऱ्या मशीनला रॅम हवीच. पण ४ जीबी आहेत, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सत्तर टक्क्यांच्या खाली दिसते, आणि डिस्क मात्र सारखी शंभर टक्के, अशा वेळी ८ जीबी करून काही हाती लागत नाही. पहिले पैसे एसएसडीवर घाला. आणि ७७५ सॉकेटवर पैसे घालण्याआधी एवढं लक्षात असू द्या की विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरच्या ज्या सूचना (इन्स्ट्रक्शन) लागतात त्या कोअर टू प्रोसेसरना येतच नाहीत.

तिसऱ्या दिवशी निळी स्क्रीन. मग दर दिवसाआड. साहजिकच सगळ्यांचा संशय नव्या, म्हणजे सेकंडहँड स्टिकवर. इथे अंदाजाने स्टिक बदलत बसू नका. मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या. नावात प्लस असलेलंच घ्या. प्लस नसलेल्या त्याच्या भावंडाच्या नव्या आवृत्त्या युईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी प्रणाली, मागतात, जी जुन्या बोर्डांत नसते. लाल ओळ एकसुद्धा आली तरी ती स्टिक, तो स्लॉट किंवा बायोसमधली सेटिंग यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. रॅममध्ये ‘थोडीशीच एरर’ असा प्रकार नसतो. एरर आली की एकेक स्टिक एकटी लावून, मग स्लॉट बदलून परत. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक, स्लॉटपाशी राहिली तर बोर्ड.

आमच्याकडे एरर आली ती जुन्या २ जीबीवर. त्याचं डिझाइनचं सॉफ्टवेअर अधूनमधून आपोआप बंद पडायचं आणि तो वर्षानुवर्षं सॉफ्टवेअरला शिव्या घालत होता, त्याचं मूळ हे. पूर्वी खराब भागापर्यंत क्वचित काम पोचत असेल, नव्या रचनेत ते रोज पोचायला लागलं. दुसरी २ आर एक्स ८ मिळवली, दोन्ही स्टिक सारख्या झाल्या, ८ जीबी पूर्ण.

यात न बसणारा आणखी एक त्रास म्हणजे रॅम महिनोन्महिने चालते आणि पावसाळ्यात एका सकाळी डिस्प्ले जातो. कोकणात हे दर जूनचं. दमट हवेने पिनांवर थर चढतो. मेन स्विच बंद करून वायर काढा, मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, आणि रॅम काढून पिनांवर पेन्सिलचं मऊ पांढरं खोडरबर हलकेच फिरवा. चुरा ब्रशने झटका. स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने. सँडपेपर नाही, ब्लेड तर मुळीच नाही. पिनांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, आणि दर महिन्याला रबर मारणाऱ्यांच्या रॅमवर तो उरत नाही. दर महिन्याला लागतच असेल तर दोष स्लॉटच्या ढिल्या पत्तींचा आहे, दुसरा स्लॉट वापरा. रबर मारूनही काही झालं नाही तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटांनी लावा. जुन्या रॅमच्या सेटिंगला बोर्ड कधीकधी चिकटून बसतो.

जी४१ नसलेल्यांसाठी भरभर सांगतो. कोअर आयची पहिली पिढी, एच५५ चिपसेटवाले, हेही २ गिगाबिटवरच अडतात. एच६१पासून पुढे आठ चिपांची ४ जीबी आणि सोळा चिपांची ८ जीबी निवांत चालते. पण डीडीआर३ची १६ जीबीची एकटी स्टिक चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेलवर चालत नाही, कारण तेच, चिपेची घनता. चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, ती १.५ व्होल्टवरही चालते, उलटं नाही. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी आहे, जोर लावून बसवायचा प्रयत्न केलेले महाभाग मी पाहिले आहेत. बाराव्या पिढीच्या बोर्डांत एकाच चिपसेटचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन प्रकार येतात, तेव्हा बोर्डाचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. चार स्लॉटांत दोनच स्टिक लावायच्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. आणि नवा डीडीआर५ पीसी पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहिली तर बटणाला हात लावू नका, तो रॅमशी जुळवून घेत असतो.

भावाची पहिली, आठ चिपांची स्टिक मी माझ्या घरच्या एच६१मध्ये लावली. लगेच चालली. एएमडीवाली अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे. एएम३ बोर्डाचं कुणी गिऱ्हाईक आलं की त्याला फुकट देऊन टाकणार.